मरुभूमीचे उल्लंघन : उंट, मोटार आणि एक कुटुंब

आषाढात आमच्या टेंभुर्णीच्या शिवारात बैलगाडी रुतली म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हे जालना जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. काळी जमीन चाकाच्या धावेस चिकटते, थरावर थर चढतो, पाहता पाहता चाकाचे जाते होऊन बसते आणि बैल गुडघ्यांवर येतात. वाळूचा स्वभाव याच्या नेमका उलट. ती कशासही चिकटत नाही; जे तिच्यावर भार टाकील त्याच्याखालून ती सरकून जाते. चिखल धरून ठेवतो म्हणून गाडी अडते, वाळू काहीच धरीत नाही म्हणून अडते. अडणे मात्र सारखेच.

संस्कृतात वाळवंटास मरु असे नाव आहे. अमरकोशकारांनी मरु आणि धन्वन् हे दोन शब्द एकत्र दिले आहेत. त्यांपैकी मरु या शब्दाची व्युत्पत्ती मृ म्हणजे मरणे या धातूपासून लावितात. जेथे प्राणी तहानेने मरतो ते स्थान मरु. अशा स्थानी मनुष्य प्रथम पायी गेला, मग उंटावरून गेला आणि विसाव्या शतकात मोटारीतून गेला. या तिसऱ्या प्रकारच्या प्रवासाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ती घडली आमच्या देशापासून फार दूर, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी. तथापि तिचे धागे जुन्या मुंबई इलाख्यात आणि पुढे जबलपुरास कसे येऊन मिळतात, हे पाहून आम्हांस तरी मोठे कौतुक वाटले.

आधी यंत्राचा विचार करू. सामान्य मोटारीचे इंजिन दोनच चाकांस फिरविते. जुन्या गाड्यांत ही दोन चाके मागची असत. पुढची चाके केवळ दिशा दाखवावयाची आणि मागच्यांनी ढकललेली वाट निमूटपणे चालावयाची. मागची चाके वाळूत फिरू लागली की ती स्वतःच आपल्यासाठी खड्डा खणतात. चालक जितका उतावीळ, तितका खड्डा खोल. चारही चाकांस इंजिनाचे बळ पोचविले म्हणजे पुढची चाके ओढतात, मागची ढकलतात, आणि एक चाक निसटले तरी दुसरे पकडून राहते. याशिवाय अशा गाडीत फार हळू पण फार जोराने चालण्याचा एक खास गिअर असतो. वजनदार गाडा चढणीवर नेताना शहाणा गाडीवान बैलांस पळवीत नाही, दमाने घेतो, तोच हा न्याय.

ही युक्ती जीपगाडीच्या जन्मासरशी निघाली असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बरोबर नाही. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ च्या सुमारासच चारही चाकांवर चालणारी पेट्रोल मोटार बनविली होती. जीप आली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत. १९४० साली तिचा पहिला नमुना झाला आणि १९४१ पासून ती हजारांनी तयार होऊ लागली. १९४९ साली तिचे सुटे भाग मुंबईत माझगाव येथे आणून महिंद्र कंपनी त्यांची जोडणी करू लागली, आणि पुढे मामलेदार, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर व देवी-हिवतापाचे डॉक्टर यांच्या रूपाने ती खेडोपाडी दिसू लागली. खेड्यातील पुष्कळ लोकांच्या मनात सरकार आणि जीप ही दोन चित्रे अजून एकमेकांस चिकटलेली आहेत.

आता त्या वाळवंटाकडे वळू. त्याचे नाव सिंप्सन. क्षेत्रफळ सुमारे १,७६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. जालन्यासारखे सुमारे तेवीस जिल्हे त्यात मावतील. पाऊस वर्षास सरासरी सहा इंचांच्या आत. पण याचा खरा विशेष म्हणजे वाळूच्या टेकड्यांची रचना. वायव्य-उत्तरेकडून आग्नेय-दक्षिणेकडे या टेकड्या एकमेकींस समांतर धावतात. शेतकऱ्याने नांगराची तासे काढावी तशा. एकेक टेकडी दहा-दहा, वीस-वीस कोस अखंड गेलेली असते. काही तर याहूनही लांब. पश्चिमेकडून पूर्वेस जावयाचे तर अशा सुमारे ११०० टेकड्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा ताठ. म्हणून पश्चिमेहून येणाऱ्यास चढ त्यातल्या त्यात सोपा पडतो. उंची कोठे तीस फूट, तर पूर्व टोकास बर्ड्सव्हिल गावाजवळची प्रसिद्ध टेकडी सुमारे चाळीस मीटर. उंची पाहता यात भिण्यासारखे काय, असे आमच्या सह्याद्री पाहिलेल्या वाचकांस वाटेल. संकट उंचीत नाही, संख्येत आहे. एक टेकडी चढणे हा खेळ होय. अकराशे चढणे म्हणजे पाणी, पेट्रोल आणि धीर यांचा हिशेब होय.

या प्रदेशात पहिला मनुष्य कोण गेला, हा प्रश्न पुस्तकांतून फार सोपा करून मांडलेला असतो. १८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट नामक इंग्रज अधिकारी त्याच्या कडेपर्यंत जाऊन परतला. देशाच्या मध्यभागी समुद्र असेल या आशेने त्याने आपल्याबरोबर एक होडी ओढून नेली होती. १८८६ साली डेव्हिड लिंडसे उंट घेऊन बराच आत गेला. पण लिंडसेस वाट कोणी दाखविली? तेथील वांगकांगुरू लोकांपैकी एका वाटाड्याने. या लोकांनी टेकड्यांमधील सखल जागी खोल, अरुंद विहिरी खणल्या होत्या. त्यांस ते मिकिरी म्हणत. लिंडसेने अशा नऊ विहिरी त्या वाटाड्याबरोबर पाहिल्या. म्हणजे ज्यास नकाशा काढणारे निर्जन म्हणत होते, तेथे माणसांचे संसार चालत होते, मुले जन्मत होती आणि विहिरींची नावे आजोबांकडून नातवांस पाठ होत होती. १९०० च्या सुमारास हे लोक ते वाळवंट सोडून कडेच्या वस्त्यांकडे आले. तेव्हा येथून पुढे आम्ही जेथे जेथे 'पहिला' हा शब्द वापरू, तेथे तो अमुक साधनाने जाणारा पहिला, एवढ्याच अर्थाने वाचकांनी घ्यावा.

उंटांची कथा तर सरळ आमच्याच दाराशी येते. ऑस्ट्रेलियात उंट नव्हता. १८६० साली बर्क व विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेकरिता लँडेल्स नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानात उंट खरेदी केले आणि कराची बंदरातून चोवीस उंट जहाजावर चढविले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबईसच जोडलेला होता. उंटांबरोबर त्यांस सांभाळणारी माणसेही गेली. त्यांत दोस्त महंमद होता, आणि सामला नावाचा एक हिंदूही होता. मोहीम मेलबोर्नहून निघाल्यावर थोड्याच दिवसांत या सामल्याने रजा मागितली. कारण शिध्यात खारवलेले गोमांस होते आणि ते त्याच्या धर्मास मान्य नव्हते. केवळ भाकरी-पाण्यावर काही दिवस काढून अखेर तो परत फिरला. आमच्या वाचकांस हे वाचून त्याच्याविषयी जे वाटेल ते वाटो. एवढे खरे की पुढे १८६१ साली बर्क आणि विल्स हे दोघेही कूपर नदीकाठी उपासमारीने मेले आणि सामला वाचला.

१८६६ साली टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभराहून अधिक उंट आणविले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील लोकर, लोखंड, तारायंत्राचे खांब, पीठ, चहा, सर्व काही या उंटांच्या पाठीवरून वाहिले गेले. उंटवाल्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे नाना प्रकारचे लोक होते. तिकडील लोकांनी सर्वांस सरसकट 'अफगाण' म्हणून टाकले. त्यांपैकी बेजा दरवेश हा बलुचिस्तानचा गृहस्थ, पूर्वी हिंदी फौजेत नोकरी केलेला. १८९६ साली लॉरेन्स वेल्स याच्या मोहिमेत उंटांचा सारा भार त्याच्याकडे होता. त्या मोहिमेत दोन माणसे तहानेने मेली, पण बेजाने आपले काम सोडले नाही. वेल्सने पुढे आपले होकायंत्र त्यास भेट दिले.

हा वेल्स मोजणीदार होता, आणि त्याच्या संबंधात एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्यातील शिक्षकास राहवत नाही. सिंप्सन वाळवंटाच्या पूर्वभागात तीन प्रांतांच्या सीमा मिळतात. १८८० साली ऑगस्टस पेपेल याने तेथे मोजणी करून लाकडी खुंटा पुरला. तो नेमका एका खाऱ्या तळ्यात आला. पुढे तपास करता असे निघाले की त्याची मोजणीची साखळी सुमारे इंचभर लांब झाली होती. साखळीमागे एक इंच! पण सहासष्ट फुटांच्या साखळीने शंभर मैल मोजावयाचे तर साखळ्या ८००० लागतात, म्हणजे चूक ८००० इंचांची, साडेसहाशे फुटांहून अधिक. वेल्सने १८८४ च्या सुमारास पुन्हा मोजून तो खुंटा योग्य जागी हलविला. त्रैराशिक कशास शिकावयाचे, असे ज्या मुलांस वाटते त्यांस पालकांनी ही गोष्ट अवश्य सांगावी.

१९३६ साली टेड कोल्सन हा पाच उंट घेऊन, पीटर एन्स नावाच्या तद्देशीय सोबत्यासह, ते वाळवंट पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करून गेला आणि बर्ड्सव्हिलला थोडे थांबून तसाच परतही आला. गाजावाजा केला नाही. १९३९ साली ॲडलेडचे भूगर्भशास्त्रज्ञ मॅडिगन यांनी एकोणीस उंट घेऊन शास्त्रीय मोहीम नेली. तीत उंटांची जबाबदारी बेजा दरवेश याच्या मुलाकडे, जॅक बेजाकडे होती. वाळवंटास सिंप्सन हे नाव मॅडिगन यांनीच दिले. सिंप्सन हे ॲडलेडचे कारखानदार आणि तेथील भूगोल-संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी मोहिमेस पैसा दिला. नाव ज्याने पैसा दिला त्याचे राहिले. ज्यांच्या बापांनी उंट आणले त्यांचे नाव मोठ्या नकाशात शोधूनही सापडत नाही.

मोटारीने वाळू कशी जिंकावी याचे पहिले खरे पाठ मात्र आफ्रिकेच्या लिबियन वाळवंटात लिहिले गेले. राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी इंजिनिअर १९२९ पासून फोर्ड गाड्या घेऊन तेथे जात असे. त्याच्या गाड्यांस दोनच चाकांचे बळ होते. तरी त्याने ज्या युक्त्या काढल्या त्या पुढे चौचाकी गाड्यांसही उपयोगी पडल्या. टायरातील हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर उंटाच्या पावलासारखा बसतो. रुतलेल्या चाकापुढे पोलादी पट्ट्या घातल्या म्हणजे चाकास पाय टेकावयास जागा मिळते. रेडिएटरचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाऊ नये म्हणून त्याने वाफेची नळी पाण्याच्या एका डब्यात सोडली. वाफ तेथे थंड होऊन पाणी होई आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली की ते पाणी आपोआप रेडिएटरात परत ओढले जाई. दिशेसाठी सूर्याच्या छायेवर चालणारे यंत्र. कारण गाडीच्या लोखंडाने होकायंत्राचा काटा भलतीकडे वळतो. १९४० साली युद्धात त्याने याच अनुभवावर दूरवर गस्त घालणारी एक तुकडी उभारली. १९४१ च्या अखेरीस सिरियात हिंदी घोडदळाच्या पलटणींतील स्वयंसेवकांची तशीच एक तुकडी तयार झाली, आणि जाट, राजपूत, शीख व पंजाबी मुसलमान शिपाई १९४२ मध्ये त्या वाळवंटात गाड्या हाकू लागले. घोड्याचा लगाम सोडून मोटारीचे चाक धरणाऱ्या या शिपायांची हकीकत आमच्याकडे फार थोड्यांस माहीत आहे.

युद्ध संपले आणि लष्करी जीपगाड्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. शेतकरी, मोजणीदार, तेल शोधणारे, सर्वांच्या हाती चार चाकांचे बळ आले. तरी सिंप्सनच्या मध्यातून मोटार पार गेली नव्हती. ती नेली रेग स्प्रिग याने, १९६२ च्या सप्टेंबरात.

स्प्रिग हा ॲडलेड विद्यापीठाचा विद्यार्थी, जेथे मॅडिगन शिकवीत तेथलाच. १९४६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इडियाकारा नावाच्या टेकड्यांत त्यास खडकावर उमटलेले मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे सापडले. विद्वानांनी प्रारंभी फारसे लक्ष दिले नाही. पुढे तेच ठसे पृथ्वीवरील प्राचीनतम मोठ्या जीवांचे ठरले आणि २००४ साली भूशास्त्रज्ञांनी एका संपूर्ण कालखंडास त्या टेकड्यांचे नाव दिले. अशा मनुष्याचे पोट भरण्याचे काम भूगर्भातील तेल व वायू शोधण्याचे होते, आणि त्यासाठीच त्यास सिंप्सनच्या वाळूखाली काय आहे ते पाहावयाचे होते. गाडी घेतली ती जपानच्या निस्सान कंपनीची 'पॅट्रोल'. पेट्रोल नव्हे, या शब्दाचा अर्थ गस्त असा आहे. सहा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांस बळ. जपानी गाडी म्हणजे तकलादू, असा समज त्या काळी तिकडे सर्वत्र होता.

आणि गाडीत बसले कोण? स्वतः स्प्रिग, त्याची पत्नी ग्रिझेल्डा आणि शाळकरी वयाची दोन मुले.

येथे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. तेल शोधावयाचे तर खुशाल शोधावे. पण लेकराबाळांस, जेथे विहीर नाही, वाट नाही, आणि एकही घर नाही अशा ठिकाणी नेणे हे कोणत्या शहाणपणाचे? आमच्या घरांतून नातवंड शेजारच्या गावी जत्रेस जावयाचे म्हटले तरी आजी दहा सूचना देते आणि काकू डब्यात दशम्या बांधते. आम्हीही प्रथम असाच विचार केला. परंतु अधिक वाचता मत बदलावे लागले. स्प्रिग वाळवंटास नवखा नव्हता. पंधरा-वीस वर्षे त्याचे आयुष्य अशाच प्रदेशात गेले होते. वाहन त्याने पारखून घेतले होते, पाण्याचा आणि इंधनाचा हिशेब झाला होता, ऋतू उन्हाळ्यापूर्वीचा निवडला होता, आणि तो कोठे जात आहे हे मागे राहिलेल्यांस ठाऊक होते. कुटुंबास धोक्यात नेले, हे म्हणणे खरे. पण धोका मोजून नेले, हेही खरे. रोज सकाळी शहरातील रस्त्यावरून एका दुचाकीवर चौघांस बसवून नेणारा गृहस्थ यांपैकी काहीच मोजीत नाही, आणि त्यास कोणी साहसी म्हणत नाही.

ग्रिझेल्डाबाईंनी पुष्कळ वर्षांनंतर या सर्व आयुष्याविषयी पुस्तक लिहिले. ते २००१ साली निघाले. नाव 'ड्यून इज अ फोर-लेटर वर्ड'. इंग्रजीत शिव्या बहुधा चार अक्षरांच्या असतात, आणि वाळूची टेकडी या अर्थाचा शब्दही चार अक्षरांचाच! अकराशे टेकड्या ओलांडणाऱ्या बाईने त्या शब्दास शिवीच्या पंक्तीस बसविले यात नवल ते काय? नवऱ्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. पराक्रम चालू असता पाणी कोणी मोजले आणि मुलांस कोणी गप्प बसविले, हे बायकांनी लिहिल्याशिवाय कळत नाही.

बर्ड्सव्हिलला ते सुखरूप पोचले. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, फ्रेंच पेट्रोलियम कंपनीने तेलाच्या शोधासाठी वाळवंटातून पूर्व-पश्चिम सरळ रेघेसारखी वाट काढली. तिला आजही फ्रेंच लाइन म्हणतात, आणि आज जाणारे बहुतेक प्रवासी तिच्यावरून जातात. तेल काही त्या वाळूखाली हाती लागले नाही.

त्याच १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडील भर उन्हाळ्यात, बर्ड्सव्हिलच्या दक्षिणेच्या वाटेवर दुसरे एक कुटुंब निघाले होते. आईबाप आणि तीन मुलगे. इंग्लंडातून येऊन त्यांस फार काळ झाला नव्हता. गाडी साधी, रस्त्यावरची. वाट चुकली, पेट्रोल संपले. गाडीवर चिठ्ठी ठेवून ते पाण्याच्या शोधात बाहेर पडले आणि पाचही जण तहानेने मेले. स्प्रिग कुटुंबाच्या प्रवासानंतर अवघ्या सव्वा वर्षाने हे घडले, आणि तेही वाळवंटाच्या मध्यात नव्हे, नकाशात दाखविलेल्या वाटेजवळ. मरु या शब्दाची व्युत्पत्ती तेथे जशीच्या तशी खरी झाली. गाडी सोडून जाऊ नये, हा त्या देशातील पहिला धडा आहे. कारण शोधणाऱ्यास विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

आता धाग्याचे दुसरे टोक. ज्या निस्सान पॅट्रोलने सिंप्सन ओलांडले, त्याच घराण्याची गाडी भारत सरकारने परवाना घेऊन जबलपुरास बनवावयास घेतली. जबलपुरातील आमच्या मराठी मंडळींस तिचे नाव परिचयाचे असेल : जोंगा. हे नाव कोणा आदिवासी भाषेतील असावे असे वाटते, पण ते जबलपूर ऑर्डनन्स अँड गन-कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळविलेले आहे. १९७१ च्या डिसेंबरात जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या हाताखालील दहाव्या पॅरा कमांडो पलटणीने जोंगा व जीपगाड्यांतून रात्री थरचे वाळवंट ओलांडले आणि सिंधमध्ये खोलवर असलेल्या छाछरो ठाण्यावर छापा घातला. भवानीसिंगांस त्याबद्दल महावीरचक्र मिळाले. ज्या सिंधच्या बंदरातून एकशे अकरा वर्षांपूर्वी उंट ऑस्ट्रेलियास गेले, त्याच सिंधच्या वाळूत, ऑस्ट्रेलियाची वाळू तुडविलेल्या गाडीची बहीण येऊन पोचली. जोंगाचे उत्पादन १९९९ च्या सुमारास बंद झाले. जुन्या गाड्या हौशी लोक अद्याप जपून ठेवतात.

मोटारी आल्यावर उंटांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. धनी गरीब झाले, उंटांस खाऊ घालणे परवडेना. सरकारने कर बसविला, कित्येक ठिकाणी उंट गोळ्या घालून मारण्याचे हुकूम झाले. पुष्कळ उंटवाल्यांच्या हातून ते झाले नाही. रात्रीच्या वेळी त्यांनी आपली जनावरे वाळवंटात मोकळी सोडून दिली. त्यांची संतती आज लाखांनी मोजावी लागते, आणि सिंप्सनच्या टेकड्यांवरून चौचाकी गाडी हाकणाऱ्यास ती अधूनमधून आडवी येते. १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, उन्हाच्या कहरामुळे, दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सरकार त्या वाळवंटाची वाट माणसांस बंद करते. इतर दिवसांत येणाऱ्या प्रत्येक गाडीस उंच काठीवर ध्वज लावावा लागतो, म्हणजे टेकडीच्या पलीकडून येणाऱ्यास ती आधी दिसेल. त्या साडेतीन महिन्यांत तेथे उंटच तेवढे हिंडतात.